हात आणि हत्यार

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आम्हा शिक्षकमंडळींच्या जिभेवर सदैव तयार असते. टाक बरा नाही म्हणणारा, बाकावर उजेड येत नाही म्हणणारा, प्रश्नपत्रिका कठीण होती म्हणणारा, अशा प्रत्येकाला आम्ही ती ऐकविली आहे आणि बहुतेक वेळा ती योग्य ठिकाणी लागलीही आहे. परंतु कधीकधी अंगण खरोखरीच वाकडे असते. तशा वेळी ही म्हण तोंडातून गेली तर ती परत घेता येत नाही. गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस हा विचार करावयास लावला. प्रसंग बंदुकीचा आहे. तेव्हा वाचकांनी, विशेषतः भगिनीवर्गाने, दचकू नये. प्रश्न शेवटी घरातलाच आहे.

एका संध्याकाळी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो चाळिशी ओलांडलेला, एका खाजगी पेढीत हिशेबनीस आहे. पाया पडला, चहा घेतला आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून आमच्यापुढे ठेवला. त्याची तेरा वर्षांची मुलगी गेले वर्षभर नेमबाजी शिकते आहे. दहा मीटरवरून हवेच्या बंदुकीने छर्रा मारावयाचा, तो हा खेळ. कागदावर एकाच परदेशी कारखान्याच्या दोन बंदुकांची वर्णने व किमती होत्या. एक साधी, क्लबात शिकण्यासाठी वापरतात ती. दुसरी खास सामन्यांसाठी बनविलेली. साधी लाखाच्या आतबाहेर, आणि सामन्याची त्याच्या दुपटीहून अधिक.

"सर, तुम्ही एनसीसीत होता. कोणती घेऊ ते सांगा," तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे तसं आम्ही ठरवलंच आहे. हिच्या पाटल्या आहेत, त्या मोडायच्या. तीही तयार आहे. घ्यायची तर चांगलीच घ्यायची."

"अरे, मुलगी अजून शिकते आहे ना?" आम्ही विचारले.

"म्हणूनच, सर. माझ्यासारखं तिचं व्हायला नको."

हे वाक्य त्याने सहज उच्चारले. त्यात रोष नव्हता. पण ते आमच्या वर्मी बसले. का बसले, हे सांगावयाचे तर १९९८ सालात जावे लागेल.

त्या वर्षी आम्ही एका शाळेत मराठी शिकवीत होतो आणि एनसीसीच्या मुलांचे कामही आमच्याकडे होते. ०.२२ ची बंदूक, पंचवीस मीटरचे अंतर आणि प्रत्येकाला पाच गोळ्या, अशी चाचणी लागली. त्यातून शिबिरासाठी मुले निवडावयाची होती. हा मुलगा तेव्हा नववीत होता. त्याच्या पाचही गोळ्या लक्ष्याच्या डाव्या कडेला जाऊन बसल्या. मधल्या काळ्या वर्तुळाला एकही शिवली नाही. तो उठून म्हणाला, "सर, बंदूक डावीकडे मारते आहे." आम्ही ती म्हण सर्वांसमक्ष ऐकविली. मुले हसली. शिबिराच्या यादीत त्याचे नाव आले नाही आणि पुढच्या वर्षी त्याने एनसीसी सोडली.

दीड महिन्याने बंदुकांची तपासणी झाली. शस्त्रागाराच्या हवालदाराने तीच बंदूक हातात घेतली आणि नळीच्या टोकावरील माशी अंगठ्याने दाबून दाखविली. ती सैल होऊन उजवीकडे सरकली होती. माशी उजवीकडे सरकली की गोळी डावीकडे जाते, हे आम्ही स्वतः मुलांना शिकवीत होतो. मग आम्हांस ते लक्ष्य आठवले. पाच छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जावीत इतकी जवळजवळ होती! गोळ्यांचा झुपका घट्ट असणे ही हाताची साक्ष आणि तो झुपका भलत्याच जागी पडणे ही बहुधा बंदुकीची साक्ष. आम्ही जागा पाहिली, झुपका पाहिला नाही. सर्व मुलांत त्याचाच हात सर्वांत स्थिर होता. हे कळल्यावर त्याला बोलावून सांगणे आमचे कर्तव्य होते. शिबिर होऊन गेले होते, परीक्षा जवळ आली होती. आज सांगू, उद्या सांगू असे करता करता ते राहून गेले. सव्वीस-सत्तावीस वर्षे राहून गेले.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही त्याला लगेच उत्तर दिले नाही. "येत्या रविवारी मुलीला आणि तिच्या सध्याच्या बंदुकीला घेऊन रेंजवर ये, आम्हीही येतो," एवढेच सांगितले. मधल्या चार दिवसांत या प्रश्नाचा जरा विचार केला.

साधे हत्यार घ्यावे की सामन्याचे, हा प्रश्न फार जुना आहे आणि तो प्रथम पडला सैन्यांना. १९८९ च्या सुमारास, महाविद्यालयात असताना, आम्ही महूच्या चांदमारीवर सैनिकी एसएलआर चालविली होती. महू म्हणजे आपल्या इंदूरपासून तासाभराची वाट. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांच्या मुलुखात वसलेली इंग्रजांची छावणी आणि आजचे डॉ. आंबेडकरनगर. एसएलआर म्हणजे स्वतःच पुढची गोळी भरून घेणारी अर्धस्वयंचलित बंदूक. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. त्याच गोळीच्या धुराचा काही भाग एका दट्ट्याला मागे ढकलतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे नळीत जाऊन बसते. मूळ घडण बेल्जियमची. १९६२ च्या चीन युद्धानंतर जुन्या ३०३ च्या जागी ती आपल्या जवानांच्या हाती येऊ लागली आणि बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. १९७१ चे युद्ध आपण तिच्याच बळावर लढलो. १९९० नंतरच्या दशकात तिची जागा इन्सासने घेतली.

आमच्या उस्तादांनी त्या दिवशी तिचे भाग सोडून दाखविले. ते हलविले की किंचित खुळखुळत. एका मुलाने विचारले, इतकी महत्त्वाची बंदूक आणि इतकी सैल कशी? उस्ताद म्हणाले की ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. चिखल गेला, वाळू गेली, आठ दिवस तेल मिळाले नाही, तरी तिने चालले पाहिजे. सर्व सांधे अगदी घट्ट बसविले तर नेम अधिक साधेल, पण ऐन वेळी ती अडकून बसेल. ज्याला आम्ही दोष समजत होतो तो लढाईच्या दृष्टीने गुण होता.

या प्रश्नाची दुसरी बाजू अमेरिकन लोकांनी दाखविली. त्यांच्या सैन्याने १९३६ साली एम-१ ही अर्धस्वयंचलित बंदूक स्वीकारली आणि पुढे १९५७ साली एम-१४. ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे त्यांच्या राष्ट्रीय नेमबाजीच्या स्पर्धा १९०७ पासून भरत आल्या आहेत. त्या स्पर्धांसाठी सरकारी कारखान्यातच या सैनिकी बंदुकांची एक निराळी आवृत्ती तयार होऊ लागली. घडण तीच, परंतु नळी मापून निवडलेली, चाप घासून-पुसून एकसारखा सुटणारा केलेला, नेमाची छिद्रे अधिक बारीक आणि सूक्ष्म फरकाने सरकणारी, आणि लाकडी दस्त्याच्या ज्या खाचेत लोखंड बसते तेथे काचतंतू व राळ ओतून ते पक्के बसविलेले, जेणेकरून प्रत्येक गोळीनंतर लोखंड पुन्हा त्याच जागी येईल. अशा बंदुकीचा झुपका साध्या बंदुकीपेक्षा लहान येतो, हे निःसंशय. पण तिचे नखरेही वाढतात. दस्त्यातून ती वारंवार काढू नये, कारण प्रत्येक वेळी ती घट्ट बैठक थोडी झिजते. आणि निवडक गोळ्या घातल्या तरच तिचा गुण दिसतो. कोठारातील वाटेल ती गोळी घातली तर वाढीव पैशाचा पुष्कळसा भाग वाया जातो.

आपल्याकडे हा प्रश्न त्या रूपात सामान्य गृहस्थापुढे येत नाही, आणि येत नाही हे बरेच आहे. सैनिकी मापाची गोळी घेणाऱ्या आणि अर्धस्वयंचलित बंदुका आपल्या शस्त्रकायद्याने सामान्य नागरिकाच्या हाती सहसा दिलेल्याच नाहीत. ऑलिंपिकमधील पन्नास मीटरच्या रायफली तर एकेक गोळी हाताने भरावयाच्या असतात. अर्धस्वयंचलित हत्याराचा खेळ पाहावयाचा तो पंचवीस मीटरच्या पिस्तुलात. आणि त्यातील एक पदक आपल्या महूच्या वाट्याला आले आहे. तेथील सैनिकी नेमबाजी पथकात तयार झालेल्या विजयकुमार यांनी २०१२ साली लंडनला रौप्यपदक मिळविले. त्या प्रकारात अखेरच्या फेरीत चार सेकंदांत पाच लक्ष्ये भेदावी लागतात. ०.१७७ मापापर्यंतच्या व ठराविक शक्तीहून कमी अशा हवेच्या बंदुकीला मात्र परवाना लागत नाही. त्यामुळे मध्यमवर्गीय आईबापांपुढे हा प्रश्न येतो तो हवेच्या बंदुकीच्या रूपाने, आणि अलीकडे वारंवार येऊ लागला आहे.

त्याला कारणेही आहेत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा आपल्या घराघरांत पेढे वाटले गेले. त्याच्या वडिलांनी, जे पेशाने शिक्षक, त्याच्या सरावासाठी कर्ज काढले होते, ही हकीकत त्या वेळी सर्वत्र छापून आली. त्याच्या आदल्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत या प्रकाराचे सांघिक सुवर्ण मिळविणाऱ्या तिघांत स्वप्नील होता आणि आपल्या निमाडचा, खरगोन जिल्ह्यातील रतनपूर गावचा ऐश्वर्यप्रतापसिंह तोमरही होता. अशा कथा ऐकल्या म्हणजे बापाच्या मनात येते, कर्ज काढले, बंदूक आणली आणि पदक आले. मधली वर्षे कथेत दिसत नाहीत. स्वप्नील २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. पदक आले त्यानंतर पंधरा वर्षांनी. मुंबईच्या अंजली भागवत यांची सुरुवातही महाविद्यालयातील एनसीसीतून झाली आणि २००० साली त्या सिडनीच्या अंतिम फेरीत उभ्या राहिल्या. हात तयार होण्यास लागणारा काळ कोणताही कारखाना विकत देऊ शकत नाही.

रविवारी पोहे-जिलबी आटोपून आम्ही रेंजवर गेलो. मुलगी चुणचुणीत आहे. बापासारखीच कमी बोलते. वर्षभर ती एक साधी, स्प्रिंगची बंदूक वापरीत होती. तिने प्रथम नेहमीप्रमाणे उभ्याने दहा छर्रे मारले. या खेळातील लक्ष्याची मापे वाचकांना सांगितली पाहिजेत. सर्वांत बाहेरचे वर्तुळ साडेपंचेचाळीस मिलिमीटर, काळा भाग साडेतीस मिलिमीटर, आणि दहा गुणांचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! तिचा झुपका ३२ मिलिमीटरचा आला. म्हणजे काळ्या भागाहून किंचित मोठा. तिच्या वयाला तो मुळीच वाईट नव्हे.

मग आम्ही तेथील प्रशिक्षकांना विनंती केली की हीच बंदूक वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाहू. टेकूवर ठेवली की हाताची थरथर जवळजवळ बाद होते आणि उरतो तो बंदुकीचा स्वतःचा दोष. १९९८ साली आम्ही एवढेच केले असते तर! छर्ऱ्यांचे तीन निरनिराळे डबे मागविले होते. एका डब्याचा झुपका १७ मिलिमीटर आला, दुसऱ्याचा १४ आणि तिसऱ्याचा १०. बंदूक तीच, जागा तीच, केवळ डबा बदलला. छर्ऱ्यांच्या डोक्याचे माप मिलिमीटरच्या शतांशाने बदलते आणि प्रत्येक नळीला त्यांतील एखादेच मानवते. मुलगी त्या दिवशी योगायोगाने तिसरा डबाच वापरीत होती. पण एरवी मिळेल तो वापरी, असे तिने सांगितले.

आता हिशेब. आमच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी आम्हांस हा समजावून दिला आहे. हाताची चूक व बंदुकीची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि कर्ण म्हणजे लक्ष्यावर दिसणारा झुपका. कर्ण ३२, त्याचा वर्ग १०२४. बंदुकीचे १०, वर्ग १००. वजा जाता ९२४. म्हणजे हाताचा भाग सुमारे ३०.४ मिलिमीटर. आता पाटल्या मोडून सामन्याची बंदूक आणली, जिचा स्वतःचा झुपका ३ मिलिमीटर धरू. ९२४ अधिक ९, म्हणजे लक्ष्यावर दिसणार सुमारे साडेतीस. दोन लाखांहून अधिक खर्चून झुपका दीड मिलिमीटरने लहान होणार!

पण येथेच थांबलो तर पुन्हा तीच म्हण उच्चारल्यासारखे होईल. समजा, तीन-चार वर्षांच्या सरावाने मुलीचा हात ८ मिलिमीटरवर आला. तेव्हा ही साधी बंदूक तिला जवळजवळ १३ चा झुपका देईल आणि सामन्याची साडेआठचा. हा फरक सुमारे एक-तृतीयांश आहे. जेथे अर्ध्या गुणावरून निवड होते वा हुकते तेथे तो निर्णायक ठरेल. त्या दिवशी जर कोणी तिला 'अंगण वाकडे' म्हणून हिणविले तर तो अन्याय होईल. तात्पर्य, 'साधी की सामन्याची' याचे उत्तर बंदुकीत नाही. ज्या दिवशी हाताचा दोष बंदुकीच्या दोषाइतका लहान होतो, त्या दिवसापासून चांगल्या बंदुकीची किंमत वसूल होऊ लागते.

हे सर्व आम्ही बापाला सांगत असता मुलगी मध्येच म्हणाली, "आजोबा, पण घोडा ओढताना बंदूक हलते ना. तो फार जड आहे."

आम्ही बंदूक हातात घेऊन चाप ओढून पाहिला. खरेच जड होता, आणि शेवटी अडखळून सुटत होता. शिवाय दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा. तो खांद्यापर्यंत आणताना तिला पाठ वाकवावी लागत होती. आमच्या वर्गमुळाच्या हिशेबात हे दोन्ही दोष 'हाताच्या' खात्यावर पडले होते! टेकूवर ठेवलेली बंदूक हे सांगत नाही. ज्याच्या खांद्याला ती लागते त्यालाच ते ठाऊक असते. प्रशिक्षकही म्हणाले की जड चाप व बेमाप दस्ता यांनी शिकाऊ मुलांना ज्या सवयी लागतात त्या मोडावयास पुढे वर्षे जातात. म्हणजे अंगण थोडे वाकडे होतेच; फक्त बापाला वाटत होते त्या जागी नव्हते.

शेवटी कागद पुन्हा उलगडला. प्रशिक्षकांनी दाखविले की त्या कारखान्याच्या साध्या प्रकारातही चाप हलका-जड करता येतो आणि दस्ता लांब-आखूड होतो. महागड्या प्रकारात याहून अनेक बारीक सोयी आहेत. पण त्या वापरण्याइतके या वयाच्या मुलीचे शरीर अजून स्थिरावलेले नाही. दर सहा महिन्यांनी मापे बदलणार. आणि तशीच एक साधी, वापरलेली बंदूक त्याच रेंजवरील एक मोठा मुलगा विकणार होता. बापाच्या साठवणीत ती बसत होती. तीच घ्यावयाची, छर्रे एकाच जातीचे, जास्त संख्येने घ्यावयाचे, आणि दर तीन महिन्यांनी टेकूवरचा व हातातला असे दोन्ही झुपके एका वहीत लिहून ठेवावयाचे, असे ठरले. दोन आकडे जवळ येऊ लागले की मग पुढच्या बंदुकीचा विचार. तोवर पाटल्या आईच्या हातातच राहतील.

मुलगी नवा झुपका मारावयास गेली तेव्हा आम्ही दोघेच बाकावर होतो. आम्ही त्याला म्हटले, "अरे, १९९८ च्या त्या चाचणीत तुझी बंदूक खरेच डावीकडे मारत होती. माशी सरकली होती. दीड महिन्याने आम्हांस कळले आणि आम्ही तुला सांगितले नाही. तुझा झुपका सर्वांत चांगला होता."

तो बराच वेळ समोरच्या लक्ष्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबांना सांगायला हवं होतं, सर. ते म्हणायचे, तू सबबी फार सांगतोस. आता ते नाहीत."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने मुलगी लक्ष्याचा कागद घेऊन धावत आली. तिने तो बापापुढे धरला. त्याने गुणांची बेरीज विचारली नाही. खिशातून एक रुपया काढला आणि छिद्रांवर ठेवून पाहिला. तीन छिद्रे झाकली गेली, बाकीची बाहेर होती. "चांगलं आहे," तो तिला म्हणाला, "तारीख घालून वहीत लिही."